पोलादी स्लीपरवरच्या त्याच त्या चाव्या पुन्हा पुन्हा का सुटतात?

लक्षणं

पोलादी स्लीपर म्हणजे रुळांखालचं आडवं, पालथ्या पन्हाळीसारखं पोलाद, आणि चावी म्हणजे त्याचा जबडा (वर उठलेला आकडा) आणि रुळाचा पाय (खालची रुंद पट्टी) यांच्यात ठोकलेली पाचर. चार-सहा स्लीपरवरच्या चाव्या ठोकून घट्ट केल्या, की आठवड्याभरात त्याच चाव्या पुन्हा हाताने हलू लागतात. एखादी खडीत पडलेली सापडते. गाडी जाताना त्या जागी रूळ आधी खाली दबतो आणि मग स्लीपर खडीवर आपटल्याचा खट् असा आवाज येतो. जबड्याच्या मुळाशी तपकिरी भुकटी साचते. हा पावसाने धरलेला गंज नव्हे, लोखंडावर लोखंड घासून निघालेला चुरा आहे. रुळाच्या पायाच्या कडेला चकचकीत पट्टा उमटतो. गेज (दोन रुळांमधलं अंतर) मोजलं तर शेजारच्या दोन स्लीपरमध्येच ३-४ मिमीचा फरक निघतो. स्लीपरच्या टोकांजवळची खडी पांढुरकी, पीठ झाल्यासारखी दिसते.

चावीऐवजी स्प्रिंगची क्लिप असलेल्या स्लीपरवर हेच चित्र थोडं वेगळं दिसतं: क्लिप डोळ्यातून (ती बसते त्या भोकातून) मागे सरकते आणि रुळाखालचं पॅड एका बाजूने बाहेर डोकावतं. ट्रॅक सर्किट (मार्गावर गाडी आहे का ते रुळांतल्या विजेने दाखवणारी यंत्रणा) असेल तर गाडी नसतानाही मार्ग भरलेला दाखवला जातो.

यातली दोन-तीन लक्षणं एकाच जागी दिसली तर हातोडा बाजूला ठेवा. चावी सुटणं हा परिणाम आहे. कारण बहुतेक वेळा खाली, ट्रफच्या (पन्हाळीसारख्या स्लीपरच्या) पोटातल्या पोकळीत असतं. सुटलेली चावी दर वेळी आणखी जोराने ठोकत गेलं की जबड्याच्या मुळाशी तडा जातो, आणि जे काम पॅकिंगने, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासून, भागलं असतं ते स्लीपर बदलण्यावर येतं.

पुढच्या तपासण्या सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरू होतात. क्रम मोडू नका, कारण आधीची तपासणी न करता पुढची केली तर मापं फसवी येतात.

रुळावर उतरण्याआधी

मार्ग बंद असल्याची लेखी परवानगी आणि दोन्ही दिशांना संरक्षण असल्याशिवाय एकही चावी काढू नका. लागोपाठच्या दोन स्लीपरवरची बांधणी एकाच वेळी सोडू नका. भर उन्हात रूळ तापलेला असताना खडी उकरू नका. तापलेल्या रुळात दाब साठलेला असतो आणि त्याला बाजूने धरून ठेवणारी खडीच असते. ती काढली की रूळ वाकून बाहेर फेकला जाऊ शकतो. काम सकाळी लवकर घ्या.

१. खडू आणि हातोडी

दोष दिसतो त्या जागेच्या अलीकडे-पलीकडे दहा-दहा स्लीपर धरून खडूने क्रमांक घाला. प्रत्येक चावीवर हलक्या हातोडीने टिचकी मारा. घट्ट चावी खणखणीत वाजते, ढिली बद्द वाजते. वहीत प्रत्येक स्लीपरच्या चारही चाव्या आत-बाहेर, डावा-उजवा रूळ अशा लिहा.

या कामाला काही खर्च नाही, पण निम्मं निदान इथेच होतं. सुटलेल्या चाव्या जॉइंटच्या (दोन रूळ जोडलेल्या जागेच्या) दोन-तीन स्लीपरवरच असतील तर कारण जॉइंटमध्ये आहे. वळणावर फक्त बाहेरच्या रुळाच्या असतील तर बाजूच्या दाबाने जबडे किंवा बैठक (रूळ टेकतो ती जागा) झिजली आहे. एकाच दिशेने ठोकलेल्या सगळ्या चाव्या सुटत असतील तर रूळ सरकतो आहे. आणि काही नियमच सापडत नसेल, मध्येच तीन-चार स्लीपर ढिले आणि पुढे सगळं ठीक असेल, तर जवळजवळ नक्की पॅकिंग गेलेलं आहे.

२. चावी योग्य आहे का, योग्य दिशेने आहे का

साठ्यात वेगवेगळ्या वजनाच्या रुळांच्या चाव्या एकत्र झालेल्या असतात, आणि दिसायला त्या सारख्याच असतात. सुटलेली चावी आणि शेजारची टिकलेली चावी शेजारी ठेवून जाडी व्हर्निअरने मोजा. चावीचा उतार सहसा ३२ ला १ असतो, म्हणजे ती ३२ मिमी आत गेली की १ मिमी जाडी भरून निघते. हा हिशोब लक्षात ठेवला की बराच घोळ मिटतो. रुळाचा पाय आणि जबडा यांच्यात झिजेने १ मिमी फट वाढली, तर चावीला पूर्वीइतकं घट्ट व्हायला ३२ मिमी आणखी आत जावं लागतं. तेवढी लांबी तिच्यात उरलेलीच नसते. ती शेवटपर्यंत ठोकली जाते, घट्ट झाल्यासारखी वाटते, पण टेकलेली असते फक्त टोकाला. दोन दिवसांत बाहेर.

दिशेचंही तसंच. गाड्या एकाच दिशेने जात असतील तर चावी त्याच दिशेने ठोकलेली हवी, कारण रूळ सरकला तरी तो चावीला घट्टच करतो. दोन्ही दिशांनी वाहतूक असेल तर चाव्यांच्या दिशा आलटून पालटून ठेवाव्या लागतात. दुरुस्तीनंतर सगळ्या चाव्या उभं राहायला सोयीच्या बाजूने ठोकल्या गेल्या, असं वारंवार आढळतं.

चावीला आणि जबड्याला तेल-ग्रीस लावू नका. ३२ ला १ हा उतार दोन अंशांहूनही कमी असल्याने घर्षणच चावीला जागेवर धरतं. ग्रीस लावलं की तेच घर्षण जातं. क्लिपच्या डोळ्याची गोष्ट उलटी आहे: तिथे ग्रॅफाइट ग्रीस हवं, नाहीतर क्लिप गंजून डोळ्यात अडकते आणि काढताना मोडते.

३. बैठक साफ करा, मग मोजा

एका वेळी एकाच स्लीपरच्या चाव्या काढा. तारेच्या ब्रशने रुळाचा पाय, बैठक आणि जबड्याची आतली बाजू खरवडा. पायाखाली अडकलेला खडीचा एखादा बारीक तुकडाही रुळाला एका कडेवर उभा करतो. चावी मग त्या तुकड्यावर घट्ट होते, आणि तुकडा चुरडला की ढिली.

साफ झाल्यावर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) दोन फटी मोजा: रुळाच्या पायाची बाहेरची कड आणि जबडा यांच्यातली, आणि पायाखालची बाहेरच्या कडेची. पहिल्या फटीचा हिशोब सरळ आहे. दोन्ही रूळ बाहेर १-१ मिमी सरकले तर गेज २ मिमी वाढतं. दुसरी फट दिसायला बारीक असते म्हणून सुटून जाते, पण तीच जास्त घातक. ६०ई१ (मीटरला साधारण ६० किलोच्या) रुळाचा पाय १५० मिमी रुंद आणि उंची १७२ मिमी आहे. गेज बहुतेक ठिकाणी रुळाच्या माथ्याखाली १४ मिमीवर मोजतात, म्हणजे तो बिंदू पायापासून १५८ मिमी वर आला. बैठक बाहेरच्या कडेला १ मिमी झिजली की भाराखाली रूळ तेवढा बाहेर कलतो, आणि माथा साधारण १ मिमीच बाहेर जातो. रिकाम्या मार्गावर गेजपट्टी लावून हे कळत नाही. म्हणूनच गेज बरोबर असून चाक पट्टे पाडतंय, ही तक्रार येते.

फट थोडी असेल तर पोलादी पत्र्याचा लायनर घाला. जाडी मोजूनच निवडा: १ मिमीचा लायनर चावीला ३२ मिमी मागे आणतो. एकावर एक तीन लायनर रचणं बंद करा, ते एकमेकांवर घासून आठवड्यात बाहेर येतात. एका लायनरने भागत नसेल तर बैठक किंवा जबडा संपला आहे, सरळ सहाव्या तपासणीकडे जा.

क्लिपच्या बांधणीत इथेच पॅड बघा. उदाहरणार्थ, क्लिपचं टोक बसवताना १३.५ मिमी उचललं जाऊन त्यातून दाब येत असेल, तर पॅड १.५ मिमीने दबून पातळ झालं की दाबाचा नववा हिस्सा गेला. फाटलेलं पॅड उलटून पुन्हा वापरू नका. टी-डोक्याच्या बोल्टची बांधणी असेल तर बोल्टच्या वरच्या टोकावरची खाच बघा. ती खाच खालच्या डोक्याची दिशा दाखवते. डोकं स्लीपरच्या भोकाखाली आडवं वळलेलं नसेल तर नट कितीही आवळा, बोल्ट नुसता लोंबकळत असतो.

४. पोकळी: खरा गुन्हेगार

ट्रफ स्लीपर खडीवर सपाट बसत नाही, तो खडी पोटात घेऊन बसतो. चांगल्या स्थितीत पोटातली खडी गच्च दाबलेली असते आणि भार त्या गाभ्यावर येतो. गाभा ढिला असला की स्लीपर फक्त खालच्या दोन कडांवर उभा राहतो. कडा अरुंद, म्हणून त्या खडीत रुततात, खडी कुटतात, आणि दर चाकाखाली स्लीपर वर-खाली होतो. चाकाच्या पुढे-मागे रूळ किंचित वर उचलला जातो, तेव्हा अधांतरी स्लीपरचं सगळं वजन, सुमारे ७० ते ८० किलो, चाव्या आणि जबड्यांवर लटकतं. दिवसातून शेकडो वेळा असा झटका बसल्यावर कुठलीही चावी टिकणार नाही.

पोकळी ओळखायला दांड्याला बसवलेला लाकडी गोळा घ्या आणि रुळाच्या शेजारी स्लीपरच्या पाठीवर गुडघ्याएवढ्या उंचीवरून सोडा. भरलेला स्लीपर मंद, जड आवाज देतो आणि गोळा उसळत नाही. पोकळ स्लीपर ढोलासारखा घुमतो. चांगल्या स्लीपरचा आवाज आधी ऐका, मग तुलना करा.

आकडा हवा असेल तर रुळाच्या पायाखाली, स्लीपरच्या शेजारी, लोखंडी खुंटी खडीच्या थराखालच्या घट्ट जमिनीपर्यंत ठोका. खुंटीचा माथा आणि पाय यांच्यात १५-२० मिमी जागा सोडून ती मोजून ठेवा, त्यात मऊ पुट्टीचा गोळा बसवा आणि एक गाडी जाऊ द्या. दबलेल्या गोळ्याची जाडी मूळ अंतरातून वजा केली की रूळ किती दबला ते कळतं. चांगल्या स्लीपरवरही रूळ थोडा दबतोच, म्हणून एक माप दोषाच्या जागी आणि एक दहा स्लीपर पलीकडे घ्या. महत्त्वाचा आहे तो दोन्हींतला फरक.

पॅकिंगचं काम असं:

दोन्ही बाजूंची खडी स्लीपरच्या खालच्या कडेखाली बीटर शिरेल एवढीच उकरा, त्याहून खोल नको. चिखल किंवा पीठ झालेली खडी पोटातून खरवडून काढा. तशीच ठेवून वरून नवी भरली तर पाणी अडतं, भाराखाली चिखल वर येतो आणि दोन महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच. रूळ जॅकने शेजारच्या पातळीपर्यंत उचला, वर नको. ४० मिमीच्या आसपासची टोकदार खडी वापरा. मोठे दगड ट्रफच्या कोपऱ्यांत शिरत नाहीत, कडेला अडकून आत पोकळी ठेवतात. गोल गोटे तर मुळीच चालत नाहीत. मग दोन माणसांनी समोरासमोरच्या बाजूंनी, तिरक्या रेषेत, एकाच वेळी बीटरने (खडी ठासायच्या कुदळीने) खडी आत सारायची. एकट्याने एका बाजूने मारली तर ती दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि स्लीपरही तिरका होतो. घट्ट पॅकिंग रुळाच्या बैठकीखाली आणि दोन्ही बाजूंना करा. मोठ्या गेजवर रुळापासून सुमारे ४५० मिमीपर्यंत, अरुंद गेजवर त्या मानाने कमी. मधला भाग हलकाच भरा. मध्ये गच्च ठासलं तर स्लीपर पोटावर टेकतो, टोकं खाली वाकतात, रूळ बाहेर कलतात आणि गेज बिघडतं.

पोलादी स्लीपरचं पॅकिंग एकदा करून संपत नाही. पोटातली खडी पहिल्या काही गाड्यांखाली बसते आणि वर पुन्हा बारीक पोकळी राहते. दुसरा हात आठवड्याभरात मारायचा, हे आधीच ठरवून ठेवा. मशीनने करत असाल तर एका जागी दोनदा दाब द्या.

पॅकिंग पूर्ण झाल्यावरच चाव्या शेवटच्या ठोका. आधी ठोकलेली चावी पॅकिंग करताना स्लीपर वर आला की ढिली होते, आणि संध्याकाळी कुणी ती बघत नाही.

५. जॉइंट आणि सरकणारा रूळ

पहिल्या तपासणीत खुणा जॉइंटकडे बोट दाखवत असतील तर फिशप्लेटचे (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे) बोल्ट आवळा. त्यानेही भागलं नाही तर फिशप्लेट काढून तिचे टेकणारे उतार बघा. झिजलेली फिशप्लेट बोल्ट घट्ट असूनही रुळांची टोकं वर-खाली होऊ देते, आणि तिथला प्रत्येक धक्का जॉइंटच्या स्लीपरवर पडतो. दोन रुळांच्या टोकांच्या उंचीतला फरक पोलादी पट्टी आणि फीलरने मोजा.

रूळ सरकतोय का ते पाहायला रुळाच्या पायावर आणि स्लीपरवर मिळून एक रंगाची रेघ ओढा. आठवड्याने रेघ तुटलेली दिसली तर रूळ स्लीपरवरून घसरतोय. रेघ शाबूत, पण स्लीपर रुळाशी काटकोनात नसेल, तर रूळ स्लीपरला ओढत नेतोय. पहिल्यात बांधणीची पकड कमी आहे, दुसऱ्यात खडीची. अँकर (रुळाला धरून त्याचं सरकणं रोखणारे आकडे) लावून दुसरा प्रकार सुटत नाही, आधी दोन स्लीपरच्या मधली खडी पूर्ण भरा.

६. तडे आणि गंज

इथून पुढे रूळ उचलावा लागतो. जबडा स्लीपरच्या पत्र्यातूनच दाबून वर काढलेला असेल तर त्याच्या मुळाशी, कापलेल्या भोकाच्या कोपऱ्यात तडा सुरू होतो. साफ केलेल्या जागेवर रॉकेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर काळपट रेघ उमटवतं. डोळ्यांनी दिसणारा तडा बराच पुढे गेलेला असतो.

गंजासाठी बैठकीखालची आणि खालच्या कडांची जाडी मोजा आणि ती मूळ नकाशातल्या जाडीशी ताडा. कोळशाची राख, मीठ, खतं आणि रसायनं सांडणाऱ्या साइडिंगवर स्लीपर वरून धड दिसतो आणि आतून पापुद्रे सुटतात. हातोडीने ठोकल्यावर पापुद्रे पडत असतील तर मोजायचीही गरज नाही.

तडकलेल्या जबड्याला जागेवर वेल्डिंग करू नका. वेल्डच्या कडेचं पोलाद उष्णतेने कडक होतं आणि नवा तडा नेमका तिथूनच निघतो, तोही आतून, न दिसता. असा स्लीपर बाहेर काढून वर्कशॉपमध्येच दुरुस्त व्हावा किंवा भंगारात जावा.

नवा स्लीपर मागवताना

दोष पुन्हा येऊ नये असं वाटत असेल तर नकाशा स्वतः तपासा. सर्वांत जास्त चुका रुळाच्या कलात होतात. १४३५ मिमी गेज आणि ६०ई१ रूळ धरा. माथा ७२ मिमी रुंद, म्हणजे गेजच्या पातळीवर दोन रुळांची मध्यरेषा ते मध्यरेषा १५०७ मिमी. बैठकीचा कल २० ला १ असेल तर १५८ मिमी उंचीत प्रत्येक रूळ सुमारे ७.९ मिमी आत झुकतो. म्हणून पायांच्या मध्यरेषा १५२३ मिमीवर हव्यात आणि पायांच्या बाहेरच्या कडा सुमारे १६७३ मिमीवर. ४० ला १ कल असेल तर मध्यरेषा १५१५ आणि कडा १६६५. कल विसरून जबडे काढले तर २० ला १ वर गेज जवळजवळ १६ मिमी अरुंद येतं. मग ते सावरायला चाव्या पातळ केल्या जातात, आणि सुटणाऱ्या चाव्यांची कथा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

शिवाय एवढं बघा: भोकांचे कोपरे गोलाईचे, कापाच्या कडा घासून गुळगुळीत. टोकं खाली वाकवलेली, कारण तीच फावड्यासारखी खडी धरून स्लीपरला बाजूला सरकू देत नाहीत. ट्रॅक सर्किट असेल तर पॅड आणि लायनर दोन्ही विद्युतरोधक, कारण पोलादी स्लीपर दोन्ही रुळांना जोडणारी ताराच आहे. एका लायनरचा तुकडा पडला की दोष येतो, आणि तो शोधायला एकेका स्लीपरची बांधणी सोडावी लागते. माल आल्यावर दोन्ही बैठकींत एकदम बसणारा साचा करून प्रत्येक स्लीपर तपासा.

इथे थांबा, रेल्वेमार्गाच्या अभियंत्याला बोलवा

लागोपाठ दोन स्लीपरवर जबडा तुटलेला किंवा तडकलेला सापडला, तर मार्ग बंद ठेवूनच बोलवा. गेज तुमच्या मार्गाला ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेलं असेल, किंवा चाव्या ठोकूनही भाराखाली वाढत असेल, तरीही तसंच. रूळ लांब वेल्डचा असेल तर तापमान आणि ताणाचा हिशोब केल्याशिवाय एकही सलग तुकडा सोडवू नका. विजेवर चालणाऱ्या मार्गावर परतीचा प्रवाह रुळांतून जातो. तिथे फिशप्लेट किंवा बाँडची (रूळ विजेने जोडणारी) तार काढणं जिवावर बेतू शकतं. गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्यांच्या (पॉइंट्सच्या) आणि क्रॉसिंगच्या स्लीपरना वरचे हिशोब लागू नाहीत. पॅकिंगनंतर महिनाभरात तीच जागा तिसऱ्यांदा बसली तर दोष खडीखालच्या मातीत किंवा निचऱ्यात आहे, आणि त्यासाठी माती तपासावी लागते.

काम संपल्यावर पहिल्या गाडीनंतर लगेच, दुसऱ्या दिवशी, मग आठव्या दिवशी दुसऱ्या पॅकिंगसोबत, आणि महिन्याने त्याच खडूच्या क्रमांकांनी पुन्हा टिचकी मारा आणि जुन्या वहीतल्या रकान्याशेजारी नवा रकाना लिहा.